ती गेली का नाही? घर सोडू पाहणाऱ्या तरुण पात्रांच्या कथा कशा वाचायच्या

काही कथा वाचून झाल्या की लेखकाचाच राग येतो. त्यात एक तरुण मुलगा असतो किंवा मुलगी असते. घर, शाळा, नोकरी, रोजचं तेच ते, या सगळ्याचा त्यांना वीट आलेला असतो. इथून निघायचं, एवढं एकच डोक्यात. आपणही पानोपानी त्यांच्या तयारीत सामील होतो. आणि शेवटी? एक तर पात्र जातच नाही. किंवा जातं, आणि नेमकी तिथेच कथा संपते. किंवा जातं आणि असं तोंडावर आपटतं की वाटावं, घरीच बरं होतं बिचारं. 'मग एवढं सगळं सांगितलं कशाला?' हा प्रश्न अशी कथा अभ्यासाला लागलेल्या विद्यार्थ्यालाही पडतो आणि हौसेने वाचणाऱ्यालाही.

प्रश्न रास्त आहे. गफलत एवढीच होते की आपण ही प्रवासाची गोष्ट समजून वाचायला बसतो. ती बहुतेक वेळा मागे राहणाऱ्या घराची गोष्ट असते. घर बदलायचं ठरून सामान बांधायला घेतलं की कपाटामागची भिंत पहिल्यांदा दिसते, तसंच काहीसं. रोज त्याच घरात राहणाऱ्याला घर दिसत नाही. पात्र निघायच्या बेतात असलं की त्याला सगळं दिसू लागतं, आणि त्याच्या डोळ्यांनी आपल्यालाही.

(खाली कथांचे शेवट फोडले आहेत. त्याला इलाज नाही.)

खिडकीशी बसलेली एव्हलिन

आयरिश लेखक जेम्स जॉइसची 'एव्हलिन' ही या जातीची सगळ्यात प्रसिद्ध कथा. जेमतेम चार-पाच पानांची. डब्लिनमधली एक मुलगी, वय एकोणीसच्या पुढे. आई वारलेली, बाप तापट. दुकानातल्या नोकरीचे आठवड्याचे सात शिलिंग ती पूर्णच्या पूर्ण बापाच्या हातावर ठेवते आणि घरखर्चासाठी परत त्याच्याकडेच हात पसरते. फ्रँक नावाच्या खलाशाशी तिचं जुळलंय. त्याच्याबरोबर बोटीने थेट दक्षिण अमेरिकेतल्या बुएनोस आयरिसला जायचं, लग्न करायचं, असं ठरलंय. आज रात्रीच.

आता कथेत जागा कशाला किती दिली आहे ते बघा. बंदरावरचा प्रसंग अगदी शेवटी, छोटासा. बाकी जवळजवळ सगळी कथा एव्हलिन खिडकीशी बसून आहे. पडद्याला डोकं टेकलेलं, नाकात त्या कापडाच्या धुळीचा वास. ती खोली न्याहाळते. इतकी वर्षं आठवड्यातून एकदा आपण हे सामान पुसतोय, तरी एवढी धूळ येते तरी कुठून, असं तिच्या मनात येतं. भिंतीवर एका धर्मगुरूचा पिवळा पडलेला फोटो आहे. त्याचं नाव तिला आजतागायत कळलेलं नाही. बाप पाहुण्यांना फोटो दाखवतो आणि एवढंच सांगतो, की तो आता मेलबर्नला असतो. म्हणजे इथून दूर गेलेल्या माणसाचं काय होतं, याचा एक नमुना भिंतीवर टांगलेलाच आहे. जॉइस त्यावर एक शब्द बोलत नाही.

बापाचंही तसंच. तो मारेल अशी तिला भीती आहे, आणि ती खरी आहे. पण निघायची वेळ जवळ आली तसं तिला भलतंच आठवतं: ती आजारी असताना त्याने तिला भुताची गोष्ट वाचून दाखवली होती, पाव भाजून दिला होता. एकदा सहलीला पोरांना हसवायला आईची टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली होती.

आणि बुएनोस आयरिस? त्याबद्दल जवळपास काहीच नाही. तिथे आपलं घर असेल, लग्न झालेलं असेल, लोक मान देतील. बस्स. रस्ता नाही, हवा नाही, एखादा चेहराही नाही. जॉइसला लिहिता आलं नसतं असं थोडंच आहे? एव्हलिनला जेवढं दिसतं तेवढंच त्याने ठेवलं.

शेवटी बंदरावर ती कठडा घट्ट धरून उभी राहते. फ्रँक हाका मारतो, ती जात नाही.

पण असली पात्रं नेहमी तरुणच का?

कंटाळा काय कुठल्याही वयात येतो. तरीही चाळिशीतला माणूस घर सोडून निघाला, तर तो काहीतरी मोडून निघतो: संसार, नोकरी, शब्द. त्याची कथा अपराधाकडे झुकते. तरुण पात्राच्या हातात अजून मोडण्यासारखं फारसं नसतं. बालपण संपलंय, पुढचं सुरू झालेलं नाही, आणि ही मधली फट कथेला फार सोयीची.

ही फट मुळात तशी नवीच. पोर हाताशी आलं की कामाला लागायचं, ही जगभरची जुनी रीत. शाळेची वर्षं वाढली तसं 'आता मूलही नाही आणि कर्ताही नाही' असं वय ठळक दिसू लागलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांचा किशोरावस्थेवरचा दोन खंडांचा गाजलेला ग्रंथ १९०४ चा. 'एव्हलिन' पहिल्यांदा छापून आली तीही १९०४ च्या सप्टेंबरात. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण हवेत काय होतं त्याचा अंदाज येतो. त्याच काळात आगगाड्या आणि आगबोटींमुळे दूर जाणं हे तिकिटाच्या पैशांवर येऊन ठेपलं होतं. जाता येत नाही म्हणून राहणं वेगळं. जाता येत असून राहणं, ही कथेची गोष्ट.

कादंबरी का नाही, कथाच का?

अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पोने १८४२ मध्ये हॉथॉर्न या कथाकाराच्या कथांवर लिहिताना एक मोजमाप दिलं: कथा एका बैठकीत, म्हणजे अर्ध्या तासापासून फार तर एक-दोन तासांत वाचून व्हावी, आणि तिचा मनावर एकसंध परिणाम व्हावा. काटेकोर नियम म्हणून ते कुणी पाळत नाही, पण आपल्या तक्रारीचं अर्धं उत्तर त्यात आहे.

एव्हलिन बोटीवर चढली असती, तर पुढे काय? नवं शहर उभं करा, नवी भाषा, नवरा कसा निघाला ते सांगा. म्हणजे कादंबरी सुरू झाली. कथेला दोनच गोष्टी परवडतात: उंबरठा, आणि उंबरठ्यावरचा माणूस. म्हणून कसलेला कथाकार अशी वेळ निवडतो की दोन्ही आयुष्यं अजून शक्य आहेत, आणि कथा संपता संपता त्यांतलं एक मिटतं. शेवट तोडलेला वाटतो तो यामुळे. मला विचाराल तर 'पुढे काय झालं' हे सांगणाऱ्या कथा बऱ्याचदा याच ठिकाणी पडतात. शेवटच्या दोन परिच्छेदांत दहा वर्षं उरकली की आधीचं सगळं पातळ होतं.

इथे एक संज्ञा सांगून टाकतो, कारण समीक्षेत ती वारंवार भेटते: एपिफनी. अगदी क्षुल्लक प्रसंगात एकदम सगळं लख्ख दिसणं. हा शब्द धर्मातून उचलून साहित्यात आणला तो जॉइसनेच. त्याच्या 'अ‍ॅरबी' कथेतला मुलगा फार लांब पळत नाही. त्याला फक्त एका जत्रेला जायचंय, जिचं नावच त्याला परदेशी, जादूचं वाटतं. (अशी जत्रा डब्लिनमध्ये १८९४ च्या मे महिन्यात खरोखर भरली होती.) मामा उशिरा घरी येतो, पैसे उशिरा हातात पडतात, मुलगा पोचतो तेव्हा रात्रीचे दहा वाजत आलेले, दुकानं मिटत आलेली. एका दुकानावरची पोरगी दोन तरुणांशी थट्टामस्करी करतेय. तो काहीच विकत घेत नाही. दिवे मालवतात आणि आपण किती हास्यास्पद आहोत हे त्याला कळतं. घडलं काय? उशीर झाला. बस्स, तेवढंच.

जायचंय कुठे, हे त्यांना ठाऊक असतं का?

क्वचितच. आणि हा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. तरुण पात्राचं स्वप्न बहुतेकदा उसनं असतं.

रशियन लेखक अंतोन चेखॉव्हची १८८७ सालची 'मुलं' ही कथा याचा वस्तुपाठ आहे. नाताळच्या सुट्टीत व्होलोद्या शाळेतल्या मित्राला, चेचेवित्सिनला, घरी आणतो. दोघं कोपऱ्यात कुजबुजतात, नकाशा बघतात, जेवणाकडे लक्ष नाही. बेत असा: अमेरिकेला पळून जायचं, सोनं खणायचं, वाघांशी आणि रानटी लोकांशी लढायचं. मार्ग ठरलेला आहे: आधी पेर्म, मग त्युमेन, मग तोम्स्क, पुढे कामचात्का, तिथून बेरिंगची सामुद्रधुनी की पलीकडे अमेरिका. सामान: एक पिस्तूल, दोन चाकू, बिस्किटं, आगकाड्यांऐवजी बहिर्गोल भिंग, होकायंत्र आणि चार रूबल. चेचेवित्सिनने स्वतःला नावही घेतलंय: 'मॉन्टिगोमो, ससाण्याचा पंजा'.

हे सगळं आलं कुठून? चेचेवित्सिन बोलता बोलता सांगून टाकतो. व्होलोद्याच्या बहिणींना तो विचारतो, तुम्ही मेन रीड वाचलाय का? रीड हा अमेरिकेतल्या रानावनातल्या साहसांच्या कादंबऱ्या लिहिणारा लेखक, रशियन पोरांचा लाडका. म्हणजे घर सोडायची ओढ मुलांची स्वतःची, पण तिचा नकाशा पुस्तकातला.

याला एक नाव पडलेलं आहे. फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'तली एम्मा कादंबऱ्या वाचून आपल्या संसाराला विटते. तिच्यावरून फ्रेंच विचारवंत ज्यूल द गोतिएने १८९२ मध्ये 'बोव्हारिझम' ही संज्ञा काढली: आपण आहोत त्याहून वेगळेच कुणी आहोत, अशी स्वतःची कल्पना करून घेण्याची माणसाची खोड. ही खोड फक्त भोळ्यांना असते असं मात्र गोतिए म्हणत नाही. ती थोडीफार सगळ्यांनाच असते.

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली, हल्ली सगळं जग खिशातल्या फोनमध्ये आहे, कुठलंच बुएनोस आयरिस धूसर राहिलेलं नाही. पण मेन रीडच्या पुस्तकांत तपशिलांची काय कमी होती? तपशील भरपूर असले म्हणजे ठिकाण कळतं असं नाही. पडद्यावर दिसणारं दुसऱ्याचं आयुष्य हेही कुणीतरी निवडून, कापून समोर ठेवलेलंच असतं. चेचेवित्सिनच्या हातात पुस्तकाऐवजी फोन द्या, कथा तशीच्या तशी चालेल. फक्त चार रूबल पुरणार नाहीत हे त्याला जरा लवकर कळेल.

या कथेतल्या मुलींकडे जरा थांबून बघावंसं वाटतं. कात्या, सोन्या आणि माशा दाराआडून सगळं ऐकतात. कात्या बजावते, आईला सांगू नका, व्होलोद्या आपल्याला अमेरिकेहून सोनं आणि हस्तिदंत आणेल. त्यांनाही बरोबर न्यावं हे मुलांच्या मनातही येत नाही आणि त्या तिघींच्याही नाही. मुलगा होकायंत्र घेऊन निघतो, एव्हलिनला मात्र निघायला फ्रँक लागतो. त्या काळच्या कथांमधला हा फरक एकदा दिसला की नजरेआड करता येत नाही. तो फ्रँक तरी खरा होता का, यावर समीक्षकांचं एकमत नाही. त्याची दूरदेशीच्या घराची कहाणी काहींना थापच वाटते. तसं असेल, तर एव्हलिनचं कठड्याला धरून राहणं हे भेदरणं की शहाणपण? कथा दोन्ही वाचू देते.

हा निव्वळ पलायनवाद नाही का?

जबाबदारी टाळून कल्पनेत रमणं म्हणजे पलायनवाद, आणि त्याचा आरोप या पात्रांवर हमखास होतो. जे. आर. आर. टोल्कीनने १९३९ मध्ये परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात याला चोख उत्तर दिलं होतं. त्याचं म्हणणं असं की लोक दोन गोष्टींची गल्लत करतात: कैद्याची सुटका आणि लढाई सोडून पळणाऱ्या शिपायाचं पलायन. तुरुंगातल्या माणसाने बाहेर पडून घरी जायचा विचार केला, तर त्यात लाज कसली?

टोल्कीन बोलत होता वाचकाबद्दल. पण त्याची ही फोड पात्रांना लावून बघितली की कथांची खरी गोम सापडते. एव्हलिन कैदी आहे का? आहे. बापाचा धाक, सात शिलिंग, धूळ. मग ती पळपुटी ठरते का? तेही आहेच, कारण मरणाऱ्या आईला तिने शब्द दिलाय, जमेल तितके दिवस घर सांभाळीन. एकाच दारातून बाहेर पडताना ती सुटतेही आणि शब्दही मोडते. यातली एक बाजू लेखकाने काढून टाकली असती, तर कथा सरळ झाली असती आणि आपण ती विसरूनही गेलो असतो.

घरात छळ असला की पोरं पळतात, एवढं साधं नाही का?

रवींद्रनाथ टागोरांचा तारापद हे समजायला पुरेसा आहे. 'अतिथी' ही कथा १८९५ ची. तारापद पंधरा-सोळा वर्षांचा, देखणा, गोड गळ्याचा. घरी आई, भावंडं, अख्खं गाव त्याच्यावर जीव टाकतं. तरी तो पळतो. जात्रेच्या, म्हणजे बंगाली लोकनाट्याच्या, फडाबरोबर जातो, कसरतीवाल्यांबरोबर जातो. एक जमीनदार कुटुंब त्याला आपल्या घरी ठेवून घेतं, लेक देऊ करतं, लग्न ठरतं. लग्नाच्या आधी एका पावसाळी रात्री तो नाहीसा होतो. त्याला कुणी छळलेलं नाही. माया हाच त्याला फास वाटतो. इथे टागोर आधी भरपूर छळ दाखवून मग सुटका करून देण्याची सोपी वाट घेत नाहीत, आणि वाचकाला तारापदवर धड रागावताही येत नाही.

आणि जे खरंच जातात त्यांचं काय?

विला कॅथरच्या 'पॉल्स केस' (१९०५) मधला पिट्सबर्गचा पॉल जातो. नाटकं, संगीत, झगमगाट याचं त्याला वेड. पण स्वतः कलावंत व्हायची त्याला बिलकुल इच्छा नाही. त्याला फक्त त्या उजेडात बसायचंय. नोकरीच्या ठिकाणचे पैसे चोरून तो न्यूयॉर्कच्या महागड्या हॉटेलात उतरतो, आणि आठवड्याभरात कळतं की वडिलांनी पैसे भरून टाकलेत आणि ते त्याला न्यायला येतायत. परत पिट्सबर्गच्या आपल्या गल्लीत जाण्यापेक्षा तो आगगाडीपुढे उडी घेतो. अगदी शेवटच्या क्षणी त्याला दिसतं ते एड्रियाटिकचं निळं पाणी आणि अल्जीरियाची पिवळी वाळू: न पाहिलेलं सगळं. पॉलची चूक पळण्यात होती की फार जवळ पळण्यात, असा प्रश्न कॅथर आपल्यापुढे टाकते.

शेरवुड अँडरसनच्या 'वाइन्सबर्ग, ओहायो' (१९१९) या कथासंग्रहातला जॉर्ज विलर्ड मात्र नीट जातो. शेवटच्या कथेत तो गाडीत बसतो, आणि आता मोठे विचार यायला हवेत अशा वेळी त्याला आठवतात किरकोळ गोष्टी: रस्त्यावरून लाकडं ढकलत नेणारा एक माणूस, गावातले दिवे लावणारा. खिडकीबाहेर बघतो तोवर गाव मागे गेलेलं असतं.

लिहिणारे स्वतः गेले का?

'एव्हलिन' छापून आली ती आयर्लंडमधल्या शेतकऱ्यांच्या सहकारी चळवळीच्या साप्ताहिकात, 'स्टीफन डेडॅलस' या टोपणनावाने. डेडॅलस म्हणजे ग्रीक पुराणातला, पंख बनवून कैदेतून उडून गेलेला कारागीर. महिना उलटायच्या आत, ऑक्टोबर १९०४ मध्ये, बावीस वर्षांच्या जॉइसने डब्लिन सोडलं. बरोबर नोरा बार्नाकल होती: वीस वर्षांची, हॉटेलात काम करणारी, लग्न न करता एका कफल्लक लेखकाबरोबर बोटीवर चढलेली. एव्हलिनला जे जमलं नाही ते नोराने केलं. जॉइस पुढे त्रिएस्त, झुरिक, पॅरिस इथे राहिला आणि लिहिलं ते जन्मभर डब्लिनबद्दलच.

चेखॉव्हची गंमत वेगळी. त्याच्या कथेतली पोरं घरापासून जवळच्या गावापर्यंतच पोचतात. बाजारात बंदुकीची दारू कुठे मिळते म्हणून विचारत फिरताना पकडली जातात आणि घरी आल्यावर व्होलोद्या आईच्या गळ्यात पडून रडतो. पण कथा लिहिल्यानंतर अडीच वर्षांनी, १८९० च्या वसंतात, तिशीतला चेखॉव्ह स्वतः निघाला. पेर्म, मग त्युमेन, मग तोम्स्क. मुलांनी आखलेलाच रस्ता. त्याला गाठायचं होतं साखालिन, सक्तमजुरीच्या कैद्यांचं बेट. तिथे तीन महिने घरोघर फिरून त्याने सुमारे दहा हजार लोकांच्या नोंदी केल्या: नाव, वय, जन्म कुठला, इथे कधी आला. त्या प्रवासावरच्या पुस्तकात पळून जाणाऱ्या कैद्यांवर एक अख्खं प्रकरण आहे. ही माणसं जंगल, थंडी, उपासमार अंगावर घेऊन का पळतात, याची कारणं तो देतो. त्यात ठळक कारण आहे, घरची ओढ.